कोलातलं आम्ल आणि कोलातली साखर

१. "ज्याने संडास साफ होतो, ते पोटात गेल्यावर काय होत असेल!" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर सारखी ऐकते. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मी मान डोलवावी, अशी लोकांची अपेक्षा असते. मी डोलवत नाही. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचाही जवळपास तेवढाच, आणि आपल्या जठरातलं आम्ल या दोघांहून जहाल. लिंबाने तांब्याचा तांब्या लख्ख होतो म्हणून सरबताला कुणी नाही म्हणत नाही. उलट पोटात फळांच्या तंतूंचा घट्ट गोळा अडकला, तर तो विरघळवायला डॉक्टर कधी कधी कोलाच देतात. या फॉरवर्डचा मला राग येतो तो यासाठी, की आम्लाची भीती घालताना साखरेचं नावही त्यात नसतं. आणि खरं नुकसान साखरच करते.

२. साखर सांगू नये, दाखवावी. बाटलीवरचा तक्ता वाचला तर १०० मिलीमध्ये दहा-साडेदहा ग्रॅम साखर दिसते. म्हणजे ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास. वर्गात मी रिकामा काचेचा ग्लास ठेवते आणि मुलांनाच चमच्याने साखर टाकायला लावते. चौथ्या-पाचव्या चमच्यापर्यंत हसणं-खिदळणं चालू असतं. आठवा पडतो तेव्हा "बाई, एवढी?" असं कुणीतरी विचारतंच. एवढी साखर नुसत्या पाण्यात घातली तर पिववणार नाही. कोलात ती खपते, कारण आंबटपणा आणि बर्फासारखा थंडपणा गोडी झाकून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. शक्यतो दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. त्यात चहा, बिस्किटं, शिरा सगळं आलं. वाढदिवसाला दोन लिटरची बाटली फोडून पोरांचे ग्लास पुन्हा पुन्हा भरणाऱ्या आयांना मी हा हिशेब न संकोचता सांगते.

३. आम्लाचा मार पोटाला नाही, दातांना बसतो. कोलात ठेवलेला दात रात्रीत विरघळून जातो ही दंतकथा आहे. पण अंड्याचं पांढरंशुभ्र टरफल कोलात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं असतं आणि नखाने खरवडलं तर वरचा थर खडबडीत लागतो. दाताच्या एनॅमलमधली खनिजं तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली गेला की सुटू लागतात. लाळ ते भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून जेवताना एक ग्लास पिऊन मोकळं होण्यापेक्षा बाटली शेजारी ठेवून दुपारभर घोट-घोट घेणं जास्त वाईट. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच ब्रश मात्र करू नये, मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. अर्धा-एक तास जाऊ द्यावा. आणि डाएट कोला दातांना डाएट नसतो. साखर गेली तरी आम्ल आहेच.

४. गंज निघतो, हे खरं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, लेबलवर ३३८ हा आकडा दिसतो तो त्याचाच. लोखंडाच्या गंजाशी त्याची क्रिया होऊन लोहाचं फॉस्फेट बनतं. गंजलेले नट-बोल्ट, सायकलच्या साखळीची सुटी कडी रात्रभर बुडवून ठेवली आणि सकाळी तारेच्या घासणीने घासली, की तांबूस पापुद्रा सुटतो. पण काम तिथे संपत नाही. साबणाने धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर साखरेचा चिकटा राहतो आणि मुंग्या लागतात.

बोअरच्या पाण्याने संडासात, नळावर चढलेले क्षारही कोलाने सैल होतात. तरी माझं मत विचाराल तर त्यासाठी वाण्याकडचं लिंबूसत्व पाण्यात कालवून वापरावं. स्वस्त, जास्त तेज, आणि चिकट नाही. कोला असो की लिंबूसत्व, ब्लीचिंग पावडरसोबत कधीही नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. स्कूटरच्या बॅटरीवर साठलेली पांढरी-निळी बुरशीही लोक कोलाने धुतात. तिथे मुळात आम्लच साचलेलं असतं, त्यामुळे खाण्याचा सोडा बरा.

छत्तीसगडमधल्या काही शेतकऱ्यांनी २००४ मध्ये भातावर कोला फवारल्याच्या बातम्या आल्या होत्या. कोलाने कीड मरते असं नव्हे. गोडाला मुंग्या येतात आणि त्या अळ्या खातात, असं त्यावर तज्ज्ञांनी सांगितलं. गुळाच्या पाण्यानेही तेच साधलं असतं.

५. जुलाब लागले की "गॅस काढून कोला पाज" हा सल्ला अजून ऐकू येतो. ऐकू नका. साखर जास्त, मीठ जवळजवळ नाही, त्यामुळे आतड्यात उलट पाणी ओढलं जातं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं, ते प्रमाण सांभाळूनच. ओआरएसची पुडी घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

६. जड जेवणानंतर कोलाने येणारा ढेकर बाटलीतल्याच वायूचा असतो. ॲसिडिटीवाल्यांची त्याने जळजळ वाढते. पातळ ताक घ्या.

७. आणि एक वेळ अशी, जेव्हा मी स्वतः धावत जाऊन कोला आणते. अण्णा, माझे वडील, इन्सुलिनवर आहेत. कराडहून येताना एसटी रस्त्यात अडकली, जेवणाची वेळ टळली आणि त्यांच्या रक्तातली साखर घसरली. त्यांचा हात थरथरायला लागला, कपाळावर गार घाम, आणि विचारलं एक तर उत्तर भलतंच. टपरीवाल्याला म्हटलं, "दादा, कोला द्या. डाएट नको, साधा." त्याने हाताला लागली ती डाएटची बाटली पुढे केली होती, तिचा इथे काडीचा उपयोग नव्हता. जवळजवळ अर्धा ग्लास, म्हणजे दीडशे मिली पाजला. त्यात सुमारे १५ ग्रॅम साखर पोटात जाते आणि रक्तात झपाट्याने उतरते. १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, कमीच असेल तर तेवढंच पुन्हा द्यायचं, आणि सावरल्यावर पोळी-भाजी खायला घालायची, कारण ही साखर जितकी लवकर चढते तितकीच लवकर उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर झोपवून सरळ १०८ लावावा.