पर्यावरणविषयक निर्णय आणि माणसांचा हिशेब

धरण, खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र उभारावयाचे ठरले की पाणी, हवा, जंगल व वन्यप्राणी यांवर त्याचा काय परिणाम होईल, हे तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने तिचा पाया घातला. आपल्या देशात २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ती बंधनकारक झाली. परंतु त्या जागी राहणाऱ्या माणसांचे काय? कोणाची मजुरी जाईल, कोणाचे नातेसंबंध तुटतील, कोणाला पाण्यासाठी दूर जावे लागेल, याचा आधीच केलेला अभ्यास म्हणजे सामाजिक परिणामांचे मूल्यमापन होय. यातील 'आधीच' हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावा. निर्णयानंतर केलेला अभ्यास हा नुकसानभरपाईचा तक्ता असतो, दुसरे काही नाही.

या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण आपणांस कॅनडात सापडते. तेथे उत्तरेकडील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून नैसर्गिक वायूची नळवाहिनी टाकण्याचा प्रस्ताव होता. सरकारने १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीसाठी नेमले. त्यांनी तज्ज्ञांच्या साक्षी तर घेतल्याच, पण त्या भागातील सर्व ३५ वस्त्यांत ते स्वतः गेले. सुमारे एक हजार स्थानिक लोक त्यांच्यापुढे बोलले आणि ज्याला इंग्रजी येत नव्हते तो आपल्या भाषेत बोलला. शिकार, मासेमारी, मुलांचे शिक्षण, बाहेरून येणारे मजूर व त्यांच्याबरोबर येणारी दारू, असे सारे विषय निघाले. १९७७ च्या अहवालात बर्जर यांनी सांगितले की, मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील हक्कांचा प्रश्न सुटेपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, या खोऱ्यात नळवाहिनी टाकू नये. ती नळवाहिनी पुढे कधीच झाली नाही. २०१७ मध्ये कंपन्यांनी तो नाद सोडला.

हेच बर्जर पुढे नर्मदाखोऱ्यात आले, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. सरदार सरोवरास जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले. पर्यावरण मंजुरी त्यानंतर, १९८७ मध्ये मिळाली आणि तीही अभ्यास पुरे होण्यापूर्वीच. अभ्यास बांधकामासोबत होत राहतील, असे ठरले. लोकांनी विरोध केल्यावर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली व बर्जर तिचे उपाध्यक्ष झाले. जून १९९२ च्या अहवालाने स्पष्ट सांगितले की, चालू परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. काम मात्र चालूच राहिले.

या अहवालातील एक मुद्दा आपल्या सभासदांनी मुद्दाम समजून घ्यावा. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडणार होती. तेथील अनेक आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत, ती सरकारदप्तरी वनजमीन होती. म्हणून कागदावर ती कुटुंबे अतिक्रमणदार ठरली. तसेच कालव्यांमुळे जमीन गमावणारे लोक धरणग्रस्तांच्या व्याख्येत आलेच नाहीत. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावयाचे? हा प्रश्न केवळ सातपुड्याचा नाही. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणाऱ्या आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीचाही तोच प्रश्न आहे. शेत गेले की मालकाला मोबदला मिळतो, मजुराचे काम मात्र त्याच दिवशी जाते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत, संपादनापूर्वी तीन वर्षे तेथे काम करणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी व कारागीर हेही आले, जमीन त्यांच्या मालकीची नसली तरी. सामाजिक परिणामांचा अभ्यास सहा महिन्यांत पुरा करावा, जनसुनावणी घ्यावी, मागितलेली जमीन खरोखर कमीत कमी आहे काय व दुसरी जागा पाहिली काय हे तपासावे, असे कायदा सांगतो. अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत, तसेच जिल्हाधिकारी, प्रांत व तहसील कार्यालयांत ठेवावा लागतो.

मात्र पळवाटाही तेथेच आहेत. तातडीच्या संपादनात हा अभ्यास वगळता येतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सूट देण्याची वाट मोकळी केली. सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय मूल्यमापन लागू आहे त्यांना सामाजिक अभ्यासाची ही तरतूदच लागू होत नाही! म्हणजे ज्या धरणांनी हा प्रश्न देशापुढे आणला, ती मोठी धरणेच बाहेर राहिली. अशा ठिकाणी २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरणविषयक जनसुनावणी हाच मार्ग उरतो. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते व अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. आपल्या शिकलेल्या मुलांनी तो सारांश वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावा, बाधितांच्या यादीत भूमिहीन घरे मोजली आहेत काय ते पाहावे आणि नसल्यास हरकत लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी.