रक्ताच्या कर्करोगावर औषधे कशी कार्य करतात?

शरीराच्या एखाद्या भागात कर्करोगाची गाठ झाली, तर शल्यविशारद ती पुष्कळदा कापून काढू शकतो. रक्ताच्या कर्करोगात ही सोय नाही. रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात आणि शरीरभर फिरतात. म्हणून औषधही रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचणारे असावे लागते. परंतु रोगी पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे त्याने ओळखावे कसे? या प्रश्नाची तीन उत्तरे आजवर मिळाली आहेत.

पहिल्या उत्तराचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ नंतर डॉ. लुसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने येथील गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्यांना गुण आला. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी घडण्यास ते आवश्यक असते. तेव्हा त्याचीच वाट अडवली, तर झपाट्याने वाढणाऱ्या रोगी पेशींची उपासमार होईल. आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी असे औषध तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या बालरुग्णांना दिले. १९४८ मध्ये १६ पैकी १० मुलांत सुधारणा नोंदली गेली. ती तात्पुरती ठरली, पण रसायनोपचाराचा मार्ग खुला झाला. ही औषधे वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशींवरही आघात करतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुसरे उत्तर अधिक नेमके आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलतात. त्यातून निर्माण होणारे सदोष प्रथिन पेशीला वाढीची आज्ञा अखंड देत राहते. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली इमॅटिनिबची गोळी हे प्रथिन निष्क्रिय करते.

तिसरे उत्तर शरीराच्या स्वतःच्या संरक्षक दलाचे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढून त्यांत प्रयोगशाळेत नवे जनुक घालतात. त्यायोगे रोगी पेशींवरील विशिष्ट खूण त्यांना ओळखता येते. संख्येने वाढवलेल्या या पेशी पुन्हा रुग्णाला देतात. हीच कार-टी उपचारपद्धती. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या काही ल्युकेमिया व लिम्फोमा रुग्णांसाठी तो आहे. तीव्र ताप व रक्तदाब उतरणे असे धोके त्यातही असल्याने रुग्णालयातील देखरेख अनिवार्य ठरते.

मात्र रोग वेळीच ओळखला गेला नाही, तर या ज्ञानाचा उपयोग मर्यादित राहतो. न हटणारा ताप, वाढती फिकटता, अंगावर विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त येणे किंवा गाठी सुजणे ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात. तरीही ती दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. तसेच बरे वाटू लागले म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना औषध थांबवू नये. दबलेला रोग पुन्हा उसळू शकतो. शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी या दोन गोष्टी घरोघरी पोहोचवल्या, तर कित्येक रुग्णांना उपचाराची संधी वेळेवर मिळेल.