क्वारंटाइन : चाळीस दिवसांचा शब्द



२०२० साली करोनाच्या साथीत ‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. तो मूळचा इटालियन. ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस आणि ‘क्वारांतेना’ म्हणजे चाळीस दिवसांची मुदत. १३७७ साली रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या बंदराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतला हा शब्द जगभर गेला.

याच कुळातला ‘क्वारेझिमा’ म्हणजे आपला प्रायश्चित्तकाळ. जुन्या प्रार्थनापुस्तकांत तर पापदंडाची सूटसुद्धा ‘सात वर्षे व सात क्वारांतेना’ अशी मोजलेली आढळते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ही मोजदाद बंद केली. एकच शब्द जहाजालाही आणि उपवासालाही! दोन्हींकडे माणूस दूर राहतो, पण दिवस मोजलेले असतात. २०२० मध्ये ते चौदाच होते (नाव मात्र चाळिसाचेच राहिले), तरी हातावरच्या शिक्क्यात शेवटची तारीख होती. ती तारीख पाहूनच माणसाला धीर येई.

कुष्ठरोग्याला अशी तारीख नव्हती. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात संशयिताला सात दिवस, गरज पडल्यास आणखी सात दिवस वेगळे ठेवायला सांगितले आहे. रोग ठरला की मात्र तो असेपर्यंत छावणीबाहेर. आपल्या देशातही १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई. तो कायदा रद्द झाला २०१६ साली. औषध त्याच्या कितीतरी आधी आले होते. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने ओसरते. आपल्या नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. त्या वाटेने जाताना आपण कोणता शब्द मनात बाळगतो, हे आपण स्वतःला विचारावे असे आम्हांला वाटते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला आधी स्पर्श करतो, मग बोलतो. त्याला तो याजकाकडे पाठवतो, म्हणजे गावात परतण्याची वाट मोकळी करून देतो. तो माणूस ही गोष्ट सर्वत्र सांगत सुटतो. त्यानंतर येशूलाच उघडपणे गावात जाता येईना. तो बाहेर, निर्जन ठिकाणी राहिला, आणि लोक चहूकडून त्याच्याकडे तिथे येऊ लागले.