सायकलच्या कॅरिअरची पारख

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी येथे रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी मुक्ताम्बाळ छत्र उभारले. तेथे उतरणाऱ्या पायी यात्रेकरूचे गाठोडे त्याच्याच अंगावर असे. सायकलस्वाराला मात्र आपले ओझे कॅरिअरवर सोपविता येते. ते कॅरिअर निवडावे कसे, याचा आता विचार करू.

प्रथम उभ्या सळ्या पाहाव्यात. त्या मागच्या चाकाच्या आसापाशी पक्क्या केलेल्या असाव्यात, म्हणजे भार सरळ आसावर उतरतो. केवळ सीटखालच्या दांड्याला आवळलेल्या कॅरिअरचा सर्व भार एका पकडीवर येतो आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी ती घसरू शकते.

दुसरे, ओझे आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे यावे. ते फार मागे गेल्यास तरफेच्या नियमाने पुढचे चाक हलके होते व हँडलवरील ताबा सुटतो. कालव्याच्या पुलावर चढताना हा धोका अधिकच वाढतो.

तिसरे, दोन्ही बाजूंना पिशव्या टांगल्यास ओझे खाली राहून तोल सावरतो. मात्र पायडल मारताना टाच पिशवीस लागू नये, इतके कॅरिअर लांब हवे. पिशवी चाकाच्या तारांतही शिरता कामा नये.

कॅरिअरवर 25 किलोग्रॅम अशी मर्यादा कोरलेली असेल, तर त्यावर माणूस बसवू नये. विकत घेण्यापूर्वी ते बसवून घेऊन आडवे हलवून पाहावे. जे रिकामे असतानाच डुलते, ते ओझ्याखाली स्थिर राहणार नाही.