घमेली तू उचल, खुरपं त्यांना दे

बयो, जायच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला तुमचा ग्रुप बागकामाचं विचारणार आहे, छानच. चिंचवडहून लोकलनं चौथं स्टेशन, जाण्यायेण्याची काही सबब उरत नाही. पण 1974 पासूनची ती मणक्याला मार लागलेल्या फौजी लोकांची जागा आहे. परवानगी, ओळखपत्र, कुठे खणायचं आणि कुठे नाही, सगळं त्यांच्या शब्दाप्रमाणे. आणि मोबाईल पर्समध्ये. व्हीलचेअरशेजारी उभं राहून सेल्फी काढलेला मला स्टेटसवर दिसला, तर बघ!

माझी उमर फिजिओथेरपीत गेली, म्हणून हक्कानं सांगते. मला धास्ती वेगळीच आहे. तुम्ही दहा जणी उत्साहानं एका सकाळी सगळी बाग लावून मोकळ्या व्हाल. मग तिथल्या फौजींनी काय करायचं, बघत बसायचं? गुटमन नावाच्या डॉक्टरनं 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला मणक्याला मार लागलेल्या सैनिकांना खाटेवरून उठवून कामाला आणि खेळाला लावलं, तेव्हा कुठे जग शहाणं झालं. आपले मुरलीकांत पेटकर तर 1965 च्या युद्धात गोळ्या खाऊन 1972 ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. अशा माणसांसमोर ‘बिचारे’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये. सुभेदार असतील तर सुभेदारसाहेब म्हणायचं. आणि विचारल्याशिवाय कुणाची खुर्ची ढकलायची नाही.

मातीची, खताची घमेली तुम्ही वाहा. वाफे उंचावर घ्या, टेबलासारखे, खाली गुडघे शिरतील अशी साधारण 70 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून. रुंदी हात पोचेल एवढीच. पुढचं त्यांच्यावर सोड. काय लावायचं तेही.

ज्यांच्या हातांतही जोर नाही, त्यांच्यापाशी जरा थांबून बघ. मान दुखावलेल्या काही जणांची बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचललं की ती आपसूक मिटतात. तेवढ्या चिमटीत घेवड्याचं बी बसतं. मोहरीएवढं बी देऊ नकोस, उगाच चिडचिड. खुरप्याच्या मुठीला व्हेलक्रोचा पट्टा लावला की तेही हाताला टिकतं. बी खाली पडलं, तर लगेच उचलायला धावू नकोस. दुसरं घेतील.

पायांना संवेदना नसते, हे मात्र डोक्यात पक्कं ठेव. गुलाबाचा काटा रुतला, उन्हानं तापलेलं लोखंड लागलं, तर त्यांना कळतच नाही आणि जखम महिनोन् महिने चिघळते. म्हणून खुर्चीच्या वाटेला काटेरी झाड नको, पसरलेला पाइप नको. वरच्या मणक्याला इजा असेल तर घामही नीट येत नाही, अंग तापत जातं. एप्रिल-मे महिन्यात नऊच्या आत काम आटपायचं आणि सावली हवीच.

बागेनं माणूस बरा होतो वगैरे भाषणं देऊ नका. 1984 साली उलरिच नावाच्या संशोधकानं दाखवलं होतं की खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि वेदनाशामकंही कमी लागली. पण ते पित्ताशयाच्या ऑपरेशनचे होते, आणि जेमतेम 46 जण. तुटलेला मज्जारज्जू मोगऱ्यानं सांधत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मेथी मात्र महिन्याभरात कापणीला येते आणि ती कुणाच्या वाफ्यातली जास्त दाट, यावर जुंपते. जुंपू दे. पंच होऊ नकोस.

ठरलेल्या शनिवारी जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन कर. फौजी माणसं, सात म्हणजे सातच. तू सव्वासातला पोचलीस तर तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढच्या वेळी पाण्याची झारी दुसरीला मिळेल.