दोन जिवांच्या बाईवर हात उगारू नका

वाचकहो, आपल्या कोल्हापूर भागात म्हैस ही घरची लक्ष्मी. म्हैस गाभण राहिली की धनी तिला किती जपतो! दुसऱ्या जनावराचे शिंग लागू देत नाही. काठी तर लांबच. मार बसला तर म्हैस गाभडेल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मग घरची सून दोन जिवांची असताना तिच्यावर हात का उगारावा? तिच्या पोटात काय घडते, ते आज शिकू.

पोटातल्या मुलाला अन्न आणि प्राणवायू आईच्या रक्तातून मिळतो. तो वारेतून मिळतो. ही वार गर्भपिशवीला आतून चिकटलेली असते. पोटावर लाथ किंवा बुक्की बसली, बाई जोरात ढकलली गेली, तर वार सुटू शकते. मग मुलाचा प्राणवायू तुटतो. आईला रक्तस्राव होतो. कधी कधी रक्त आतच साठते, बाहेर दिसत नाही. अशा वेळी आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो. माराने गर्भ पडू शकतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते. मूल अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मू शकते.

नुसता हातच मारतो असे नाही. सुनेला उपाशी ठेवणे, घालून पाडून बोलणे, तपासणीला जाऊ न देणे, हीही मारहाणीचीच भावंडे. पोटाला नाही तर अंगात रक्त कोठून येणार? सतत धाक असला की झोप उडते, अन्न गोड लागत नाही.

गर्भारपण नसतानाही हा त्रास बाईचे शरीर पोखरतो. नवऱ्याने जबरदस्ती केली तर अंगाला इजा होते, आतले रोग जडतात. पाळणा लांबवण्याचे साधन वापरू दिले नाही, तर नको असताना दिवस जातात. आणि मुलगी झाली म्हणून बाईला मारणे हे तर शुद्ध अज्ञान. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते.

कोणी म्हणेल, “गुरुजी, ही चार भिंतींआडची गोष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची.” अहो, पण या मुठीत दोन जीव गुदमरतात, त्याचे काय? कोल्हापूर हे संस्थान होते, तेव्हाच राजर्षी शाहू महाराजांनी ही गोष्ट चार भिंतींआडून बाहेर काढली. १९१९ साली त्यांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. बायकोला छळणे हा गुन्हा आहे, असे दरबारने सांगितले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली.

पुढे देशाने २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. तो २००६ पासून लागू आहे. या कायद्याने बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. संरक्षण अधिकारी तिला मदत करतो. वकील फुकट मिळतो. शेजाऱ्यानेही खबर दिली तरी चालते. खरेपणाने खबर देणाऱ्यावर बालंट येत नाही. बायकोचा छळ करणाऱ्या नवऱ्याला व सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता काय करायचे, ते नीट ध्यानात घ्या. गर्भार बाईच्या पोटाला मार लागला, तर दुखत नसले तरी दवाखान्यात न्या. अंगावरून रक्त गेले, पोट दगडासारखे कडक झाले, मूल हलेनासे झाले, तर घटकाभरही थांबू नका. १०८ नंबरला फोन करा, गाडी येते. कोल्हापुरात सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. डॉक्टरांना “पाय घसरला” असे सांगू नका. खरे सांगा. खरे कळले तर कुठे इजा झाली ते त्यांना नीट शोधता येते.

सासूबाई, तुम्हीही एके काळी सून होता. हात धरायचाच, तर मारणाऱ्याचा धरा.

लक्षात ठेवा
१०८ : रुग्णवाहिका
११२ : पोलीस
१८१ : महिलांसाठी मदत
गावात आशाताई व अंगणवाडीताई यांना सांगा.

प्रश्न
१. वार सुटली तर मुलाचे काय होते?
२. कोणती लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा?
३. शाहू महाराजांनी कोणत्या साली कायदा केला?
४. शेजारच्या घरात गर्भार बाईला मारहाण होत असेल, तर तुम्ही काय कराल?