लोडरचे काटे : निवड व उपयोग

माणिकगड पहाडावर जिवतीकडे शेतांच्या वाटा चढउताराच्या आहेत. अशा ठिकाणीं ट्रॅक्टरच्या लोडरला बकेटऐवजीं पॅलेटचे काटे लावावयाचे असल्यास शेतकरी बंधूंनीं आधीं वजनाचा हिशेब मांडावा.

लोडरची सांगितलेली उचलशक्ति बहुधा बाहूच्या टोकावरील पिनेपाशीं मोजलेली असते. काट्यांवरील ओझ्याचा मध्य त्याहून पुढें जातो, म्हणून ती शक्ति घटते. शिवाय काटे, त्यांची चौकट व पॅलेट यांचें वजनहि तींतूनच वजा होतें. युरियाच्या ४५ किलोंच्या १० गोण्या म्हणजे ४५० किलो. बाकी इतकी उरत नसेल तर दोन खेपा कराव्या.

जुने काटे घेतांना टांचेची जाडी मोजावी. ती मूळच्याहून एकदशांश झिजली असल्यास काटा बाद समजावा.

ट्रॅक्टरच्या मागें पुरेसा भार जोडावा. नाहीं तर मागचीं चाकें हलकीं होऊन ब्रेक धरीत नाहीं. ओझें जमिनीलगत ठेवावें. चढतांना सरळ पुढें जावें, उतरतांना मागें मागें उतरावें, म्हणजे ओझें सदैव चढाकडे राहतें. उतारावर आडवें वळूं नये. वांचविलेल्या एका खेपेनें उलटलेल्या ट्रॅक्टरची व चालकाच्या जिवाची भरपाई होत नाहीं.